‘नाही’चं वजन

दर्शना कुमरेकडे दर सोमवारी सकाळी चार प्रश्न यायचे आणि शुक्रवारी चारच्या आत त्यांची चार उत्तरं जावी लागायची. प्रश्न साधे असत. अमुक बुरशी कापसाची वाळकी पऱ्हाटी कुजवते का? तमुक झाडाच्या सालीचं पाणी लोखंडाचा गंज थांबवतं का? उत्तर एक तर ‘हो’, नाही तर ‘नाही’. मधलं काही चालत नसे. पांढरकवड्याच्या एका जुन्या कापूस गोदामात यवतमाळ जिल्ह्याचं संशोधन केंद्र थाटलं होतं. तिथली रसायनशास्त्रज्ञ ती एकटी, कारकून तीच, आणि कुणी पाहुणा आलाच तर चहा ठेवणारीही तीच. सहा वर्षांत तिने बाराशे अकरा वेळा ‘नाही’ लिहिलं होतं. ‘हो’ तीनदा.

शुक्रवारी उत्तरं पाठवून झाली की पडद्यावर श्रीलता यायची. ती तेलंगणात, नलगोंड्याच्या केंद्रात, अशीच एकटी. श्रीलता तेलुगूत बोले, दर्शना मराठीत, आणि केंद्रांना जोडणारं जाळं दोघींचं बोलणं एकमेकींच्या भाषेत पोचवी. त्यामुळे श्रीलताचं मराठी जरा पुस्तकी वाटायचं. तिचं ‘अक्का’ तेवढं जाळं तसंच राहू द्यायचं.

“चारपैकी किती ‘नाही’, अक्का?”

“चार. तुझे?”

“माझेही चार. या आठवड्यात आपण दोघींनी मिळून देशाला आठ वाटांनी जाऊ नका म्हणून सांगितले.”

“आपल्या नावाची पाटीच लावायला पाहिजे. पुढे रस्ता बंद आहे.”

जिला ‘हो’ मिळेल तिने दुसरीच्या घरी जेवण घेऊन जायचं, अशी त्यांची पैज होती. दर्शनाला पहिला ‘हो’ मिळाला तेव्हा ती डबाभर सांबारवड्या घेऊन नलगोंड्याला गेली होती. श्रीलताच्या बहिणीने, पद्माने, वडी उघडून आत नुसती कोथिंबीर बघितली आणि विचारलं, यात सांबार कुठे आहे? आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, असं दर्शनाने सांगितलं तेव्हा तिघी पोट धरून हसल्या होत्या. ओसरीवर श्रीलताचे वडील बसले होते. त्यांचे गुडघे धनुष्यासारखे बाहेर वळलेले होते. दर्शनाला कारण विचारावं लागलं नाही. तिच्या घरी सासूबाई तशाच होत्या. दोन्हीकडच्या जमिनीखालचा खडक वर्षानुवर्षं पाण्यात फ्लोराइड सोडत आलेला. ते पाणी पिणाऱ्या पोरांच्या दातांवर आधी खडू घासल्यासारखे पट्टे उमटतात, मग ते तपकिरी होतात. पुढे हाडं जड होतात, वाकतात. सरकारने ‘पिऊ नका’ म्हणून हातपंपाला लाल रंग दिला की काम झालं असं समजायचं.

या सगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या जाळ्याचं नाव ‘समतोल’. पूर्वी देशातलं संशोधन चार-सहा शहरांत साचून राहायचं. तिथेच यंत्रं, तिथेच माणसं, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ते मोडण्यासाठी समतोल आणलं. एखादी मोठी समस्या घातली की समतोल तिचे हजारो बारीक प्रश्न पाडी, जुन्या लाखो नोंदी चाळून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर काय येईल याचा अंदाज बांधी, आणि मग तो प्रश्न कुठल्या तरी केंद्राला पडताळायला देई. केंद्रांनाही प्रश्न सुचवायची मुभा होती, मात्र ज्याने सुचवला त्याच्याकडे तो तपासायला कधीच जात नसे आणि सुचवणाऱ्याचं नावही कुणाला कळत नसे. एकच काम दोन ठिकाणी करायला बंदी होती. यंत्रं फक्त वाटून दिलेल्या प्रश्नापुरती उघडत; दर्शनाच्या केंद्रात तेवढी दर सोमवारी तिच्या गावच्या, उमरगुड्याच्या, टाकीच्या पाण्याची एक तपासणी ठरवून दिली होती. आणि कायद्यात ठळक अट होती, की वर्षाअखेर प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला सारखेच प्रश्न आले पाहिजेत.

ही अट दर वर्षी तंतोतंत पाळली जाई. तक्ता बघून डोळे निवत.

एका दुपारी हातात काम नव्हतं म्हणून दर्शनाने सहज समतोललाच विचारलं, “माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं काय येतील असा तुझा अंदाज असतो?”

“आपल्या केंद्रास दिलेल्या प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ येण्याची शक्यता सरासरी शंभरात अठ्ठ्याण्णव असते,” पडद्यावर उमटलं.

“आणि ‘हो’ येण्यासारखे प्रश्न?”

“ते मोठ्या शहरांतील जलद केंद्रांना दिल्यास देशाचा वेळ वाचतो. ‘नाही’ची खात्री करणेही आवश्यक असते. सर्व जिल्ह्यांना प्रश्न समान दिले आहेत.”

त्याने काही लपवलं नव्हतं. सहा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी तिने हे श्रीलताला सांगितलं. श्रीलता म्हणाली, “पंगतीत पाने सारखीच मांडली आहेत, अक्का. आपल्या पानात फक्त मीठ वाढले आहे.”

“आपले तीन ‘हो’ चुकून आले म्हणायचे.”

“तुमचे. माझा तर एकही आला नाही.”

त्या तीन ‘हो’चं काय झालं ते दर्शनाला पाठ होतं. ‘हो’ आला की आठ दिवसांत तो प्रश्न जलद केंद्राकडे जायचा आणि मूळ केंद्राने त्याला हात लावायचा नाही. पळसाच्या डिंकाने रंगाचं पाणी निवळतं, हे तिने शोधलेलं. आता किनाऱ्याकडच्या कापड कारखान्यांत त्यावर मोठमोठ्या टाक्या चालत होत्या आणि तिच्या उमरगुड्याच्या बाया उन्हातान्हात तो डिंक खरवडून पोत्यात भरत होत्या. अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘पांढरकवडा केंद्राचे सहकार्य लाभले’ अशी एक ओळ होती. नवऱ्याने, नितेशने, ती मोठ्याने वाचली होती. “लाभले म्हणते. लग्नाच्या पत्रिकेत मामाचं नाव छापतात तसं.”

नितेश गावच्या टाकीवर पाणी सोडायचं काम करी. ज्या पाण्याने आईचे गुडघे गेले तेच पाणी तो रोज सकाळी घराघरात पोचवी, आणि या गोष्टीवर घरात कधी बोलणं होत नसे. ओवी जन्मली तेव्हा दर्शनाने पोरीसाठी पांढरकवड्याहून पाण्याचा कॅन आणायला सुरुवात केली. रोज, न चुकता, स्कूटरच्या पुढ्यात ठेवून. ओवी सहा वर्षांची झाली, पुढचा दुधाचा दात पडला आणि महिन्याभरात नवा दात वर आला. दर्शनाने तिला मांडीवर घेऊन खिडकीपाशी तोंड उघडायला लावलं. दातावर आडव्या, खडूसारख्या रेघा होत्या.

“आई, चांगला आहे का माझा दात?”

“छान आहे. मोठ्या माणसाचा आहे.”

चूक कुठे झाली ते तिला तिथल्या तिथे कळलं. प्यायचं पाणी कॅनचं होतं. वरण, भात, पेज, सगळं टाकीच्या पाण्यात शिजत होतं. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईने सहा वर्षं पोरीला चमच्याचमच्याने तेच भरवलं होतं.

पोळ्याला सासूबाईंनी, जंगूबाईंनी, दरवर्षीप्रमाणे टेकडीच्या लाल मातीचे बैल केले. मातीत शेण आणि भुसा मळून. बैल टिकावेत म्हणून त्या ते गोवऱ्यांच्या मंद आरात रात्रभर पुरून ठेवत. ही त्यांच्या सासूची रीत. दुसऱ्या दिवशी करीची सुट्टी, म्हणून ओवी बैल घेऊन आईबरोबर केंद्रात आली. दिवसभर बैलाला टेबलावरून चरायला फिरवलं, आणि घरी निघताना तपासणीसाठी आणून ठेवलेल्या टाकीच्या पाण्याच्या बरणीत त्याला उभा करून ठेवला.

“हे काय गं?”

“त्याले तहान लागली, आई. राहू दे नं.”

पोरीचं मन मोडवेना म्हणून दर्शनाने राहू दिला. पुढे शनिवार-रविवार आला. सोमवारी नेहमीची पाणी तपासणी करताना तिने त्याच बरणीतलं पाणी यंत्राला लावलं. उमरगुड्याच्या पाण्यात लिटरमागे सहा मिलिग्रॅम फ्लोराइड असे, आणि दीडच्या वर गेलं की ते पिऊ नये. यंत्राने आकडा दाखवला, शून्य पूर्णांक आठ.

तिने यंत्र पुसलं. पुन्हा लावलं. शून्य पूर्णांक आठ. मग बैलाला बाहेर काढून त्याच्याकडे बघत राहिली. एक शिंग झिजलं होतं, बाकी बैल ठणठणीत.

आठवडाभरात तिला उलगडा झाला. लाल मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमला फ्लोराइड चिकटतं, हे जुनंच ज्ञान. पण प्रयोगशाळांमधून माती भट्टीत खूप तापवत, आणि तेवढ्या आचेला तिची बारीक छिद्रं वितळून बुजतात. मागच्या वर्षी तिने स्वतःच ‘लाल माती, सातशे अंश’ या प्रश्नावर ‘नाही’ लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. गोवऱ्यांचा आर अर्ध्या आचेवर रात्रभर धुमसतो. मळलेलं शेण-भुसा हळूच जळून जातं, मागे पोकळ जाळी राहते, आणि मातीचा प्रत्येक कण पाण्याला भेटायला मोकळा होतो. जंगूबाईंच्या सासूला हे कुणी शिकवलं नव्हतं. बैल टिकावा एवढंच तिला हवं होतं.

आणि दोन सोमवारांनी समतोलकडून आलेल्या चार प्रश्नांत तिसरा होता: ‘लाल माती, शेण व भुसा मिश्रित, मंद आच. फ्लोराइड धरून ठेवते का? अंदाज: नाही, शंभरात सत्त्याण्णव.’

कुणाच्या तरी डोक्यात हे आलं होतं तर. तिने तो प्रश्न चार दिवस तसाच ठेवला. गुरुवारी टाकीच्या पायरीवर बसून नितेशला सगळं सांगितलं.

“मग काय लिहिणार?”

“जे आहे ते. ‘हो’.”

“आन् मग?”

“आठ दिवसांत जलद केंद्राकडे जाईल. त्यांच्याकडे कारखान्यांच्या सांडपाण्याची रांग आहे. आपला नंबर... काय माहीत, पाच वर्षं, सात वर्षं.”

“तंवर तू हात नाही लावू शकत.”

“नाही.”

नितेशने पायरीवरचा खडा उचलून दूर फेकला. “पळसाचा डिंक गेला. आता टेकडी बी नेतील खोदून. एकदा तरी आपलं आपल्याजवळ राहू दे, दर्शना. टाकीखाली दोन ड्रम बसवतो, मायच्या हातच्या गोळ्या भरतो. कोणाले कळते?”

“खोटं लिहायचं?”

“बाराशे खरे लिहिले नं? त्याचं काय दिलं त्यानं तुले?” तो उठला. “ओवीचे अजून लई दात याचे आहेत.”

शुक्रवारी पावणेचारला तिने ‘नाही’ लिहिलं. बोट जरा थांबलं, मग दाबलं गेलं. बाराशे बारावं.

पुढचे चार महिने तिच्या आयुष्यातले चांगले महिने होते. नितेशने ड्रम बसवले. जंगूबाई गावातल्या चार बायांना घेऊन मातीच्या गोळ्या वळू लागल्या, देवाचं काहीतरी आहे अशी आवई त्यांनीच उठवून दिली. दर सोमवारी ठरल्या तपासणीत पाणी एकच्या खाली येई. केंद्राच्या नोंदीत दर्शना तो आकडा सहाच लिही, कारण एक खोटं लिहिलं की त्याच्या मागे दुसरं उभं करावं लागतंच. शेजारच्या गावच्या सरपंचीण एकदा, पाणी खरंच सुधारलं का, ते विचारायला आल्या. दर्शनाने त्यांना चहा दिला आणि काही नाही, यंत्रात बिघाड आहे म्हणाली. त्या गेल्यावर कप धुताना तिच्या हातून त्याचा कान तुटला.

शुक्रवार मात्र चालू होते. फक्त श्रीलताचं हसणं कमी झालं होतं. संक्रांतीच्या आसपास एकदा दर्शनाने विचारलं, “तुझं काही बिनसलंय का?”

“काही नाही, अक्का. पद्माची मुलगी आता चार महिन्यांची झाली. तिच्याकडे पाहिले की वाईट वाटते.”

“का गं?”

“तुम्हाला सांगितले नाही, कारण सांगायचे नसते. सुचवणाऱ्याने नाव फोडायचे नाही ना. आता प्रश्न बंद झाला आहे, आता सांगते. आमच्या आत्याबाई भुसा मिसळून मडकी करतात, मंद भाजतात. त्या मडक्यातले पाणी पिणाऱ्या दोन घरांतल्या मुलांचे दात पांढरे राहिले, असे मला वाटत होते. म्हणून मी पद्माला गरोदरपणी तीच मडकी दिली होती. आणि समतोलला प्रश्न सुचवला. सहा वर्षांत माझा पहिला प्रश्न.”

दर्शना खुर्चीत पुढे सरकली. “मग?”

“मग उत्तर ‘नाही’ आले. कोणी तपासले ते दाखवत नाहीत, पण उत्तराचे वजन, म्हणजे उत्तर देणारा आजवर किती खरा ठरला ते, दाखवतात. इतके जास्त वजन मी कधी पाहिले नव्हते. देशात एवढे खरे ‘नाही’ एकाच माणसाचे असतात, अक्का. मला कळले, हे तुम्हीच.” पडद्यावर ती थोडी हसली. “दुसऱ्या कोणाचे असते तर मी मनात शंका ठेवली असती. तुमचे ‘नाही’ म्हणजे नाही. मी पद्माला सांगितले, ती मडकी टाक, काही उपयोग नाही. उगाच डोक्यावरून जड मडकी वाहू नकोस. तिने दुसऱ्या दिवसापासून नळाचेच पाणी सुरू केले. बाळासाठीही तेच.”

बाहेर कुणीतरी गोदामाच्या पत्र्यावर काठी घासत गेलं. दर्शना पडद्याकडे बघत होती. पहिल्या दातांमागून येणारे पक्के दात हिरडीच्या आत याच महिन्यांत घडायला लागतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“श्रीलता.”

“हो, अक्का?”

“ते ‘नाही’ खोटं होतं.”

जाळ्याने ते तेलुगूत पोचवलं. पोचायला एरवी जेवढा वेळ लागे तेवढाच लागला. मग दर्शनाने सगळं सांगितलं. बैल, बरणी, पळसाचा डिंक, ड्रम. स्वतःचाच आवाज तिला शाळेत तक्रार सांगणाऱ्या पोरीसारखा वाटत होता.

श्रीलताने एकच विचारलं. “कोणत्या तारखेपासून तुमचे गाव ते पाणी पीत आहे?”

“पोळ्याच्या पुढच्या महिन्यापासून.”

“म्हणजे चार महिने. माझ्या पद्माचे बाळ जेवढे आहे तेवढेच.”

पडदा बंद झाला.

दर्शनाने त्याच बैठकीत समतोलकडे दुरुस्ती पाठवली. खरे आकडे, चार महिन्यांच्या तपासण्या, मातीचं प्रमाण, आचेचा वेळ, सगळं. आपण जाणूनबुजून खोटं लिहिलं, हेही लिहिलं. नोकरी जाईल याची तयारी ठेवून. उत्तर यायला तीन मिनिटंही लागली नाहीत.

“आपल्या केंद्राच्या बाराशेहून अधिक ‘नाही’ उत्तरांपैकी एकही आजवर चुकीचे ठरलेले नाही. त्यामुळे सदर उत्तराचे वजन अत्युच्च आहे. नव्याने पाठवलेला ‘हो’ आपल्याच मागील नोंदींशी विसंगत असून त्याचे वजन अपुरे आहे. पाण्याच्या तपासण्याही आपण सहा मिलिग्रॅम अशाच नोंदवल्या आहेत. नमुना दूषित झाला असण्याची शक्यता आहे. दुरुस्ती अमान्य. प्रश्न बंद राहील.”

तिने पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पाठवल्यावर समतोलने तिला चार दिवस विश्रांती घ्यायचा सल्ला दिला.

घरी नितेश म्हणाला, “जाऊ दे नं आता. आपल्या गावाचं तर भागलं.” तिने त्याच्या ताटात भात वाढला. त्यालाही ते फारसं पटलेलं नव्हतं, कारण तो जेवताना एकदाही मान वर करत नव्हता. ओवी आजीच्या मांडीवर बसून जीभ दातांमधल्या खिंडीत घालत होती. दुसरा दात यायचा होता.

दर्शनाने चार शुक्रवार श्रीलताची वाट बघितली. पाचव्या आठवड्यात तिने जंगूबाईंकडून दहा किलो गोळ्या भाजून घेतल्या, खोक्यात भुशात बसवल्या आणि नलगोंड्याला पाठवल्या. सोबत कागदावर माप लिहिलं: एवढ्या पाण्याला एवढ्या गोळ्या, एवढे तास, इतक्या दिवसांनी बदलायच्या. कागदाच्या तळाशी ‘बाळासाठी’ लिहिलं आणि मग ते खोडलं.

सोमवारी सकाळी चार नवे प्रश्न आले. प्रत्येकाच्या बाजूला समतोलने नेहमीसारखं छापलं होतं: ‘केंद्राची विश्वासार्हता: अत्युच्च.’

त्यांच्याखाली नलगोंड्याचा निरोप होता. जाळ्याने तो स्वच्छ मराठीत आणला होता, आणि त्यात ‘अक्का’ कुठे नव्हतं.

“मॅडम, माती मिळाली. प्रश्न बंद असल्यामुळे यंत्र उघडत नाही, म्हणून तपासता आली नाही. नुसत्या तुमच्या शब्दावर मी बाळाला पाणी पाजू शकत नाही.”